समोरच्या घरचा चहा

फिरदोस युरोपातून एकटीच परत आली, तीही ठरल्यापेक्षा चार दिवस आधी. तिला पहिल्यांदा पाहिलं ते बिल्डिंगच्या वॉचमनने. त्याने लिफ्टचं दार धरलं आणि विचारलं, "दुसरी मॅडम किधर है?" फिरदोसने सॅक आत ढकलली आणि पीछे आ रही है, एवढंच सांगितलं. खोटं बोलायला तिथूनच सुरुवात झाली. पाचव्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तिने पुढची दोन खोटी तयार ठेवली होती, एक अम्मीसाठी आणि एक समोरच्या नर्मदाकाकूंसाठी.

शारजातल्या अबू शगाऱ्यातली ती जुनी बिल्डिंग. खिडक्यांतून एसीचे डबे बाहेर आलेले, आणि जिन्यात सगळ्या देशांच्या फोडण्यांचा वास. पाचव्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर होती. एका दारामागे खैरुद्दीन, हलिमा आणि त्यांची एकुलती एक फिरदोस. हे लोक राजापूरकडचे, आणि खैरुद्दीनचं औद्योगिक क्षेत्रात गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान. दुसऱ्या दारामागे सोमनाथ, नर्मदा आणि त्यांची समिधा. सोमनाथ दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका पॅकेजिंग फॅक्टरीत सुपरवायझर, पहाटे जायचा आणि ट्रॅफिकला शिव्या देत रात्री यायचा. दोन्ही कुटुंबं इथे आली तेव्हा मुली नुकत्या चालायला लागल्या होत्या. पुढे त्या एकाच बसने शाळेत गेल्या, एकमेकींचे डबे फस्त केले, एकमेकींच्या चुका एकमेकींवर ढकलल्या आणि चोवीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या.

आणि त्यांच्या आया? त्यांची मैत्री चहाची, इतकी की समिधा हलिमाला खाला, म्हणजे मावशी म्हणायची. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज आटोपली की हलिमा ओढणी सारखी करून समोरच्या घरात जायची आणि तासाभराने परत यायची. रमजानचा महिना आणि गावची सुट्टी सोडली तर त्यात खंड नव्हता. खैरुद्दीन चिडवायचा, की तुझा व्हिसा मी काढलाय का नर्मदाने, तेवढं एकदा सांगून टाक.

युरोपला जायची परवानगीसुद्धा त्या चहावरच मिळाली होती. पाठीवर सॅक टाकून हिंडायचं आणि हॉस्टेलात राहायचं, हे मुलींनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा खैरुद्दीनला ते कळेचना. एका खोलीत आठ अनोळखी माणसं, खालीवर पलंग, संडास-बाथरूम सगळ्यांचं एकच? असे तर आपल्या इथे बेडस्पेसवाले राहतात, बिचारे नाइलाज म्हणून राहतात, आणि तुम्ही त्यासाठी सहा तास विमानात बसून जाणार? त्याने हिशेब केला, एका रात्रीचे शंभर दिरहॅम, म्हणजे अडीच हजार रुपये, नुसत्या पलंगाचे. तेव्हा नर्मदाकाकू मध्ये पडल्या. त्या म्हणाल्या, भाऊजी, समिधा आहे ना तिच्याबरोबर, मग काळजी कसली. खैरुद्दीन विरघळला. समिधा आहे म्हणून, असं त्याने तीनदा बजावलं, आणि फिरदोसला त्या वेळी त्याचं हसू आलं होतं.

आता अम्मीने दार उघडलं, लेकीला छातीशी धरलं आणि तिच्या खांद्यावरून मागे लिफ्टकडे पाहिलं.

"समिधा कुठाय?"

"ती रविवारी येईल, अम्मी. मला ऑफिसमधून कॉल आला, ऑडिट लागलंय. इट्स फाइन."

हलिमाचे हात सैल पडले. "तिला एकटीला सोडून आलीस?"

फिरदोस हमरिया फ्री झोनमध्ये एका स्टीलच्या कंपनीत शिपमेंटची कागदपत्रं सांभाळायची, त्यामुळे ऑडिट ही काही न पटणारी गोष्ट नव्हती. पण हलिमाला ते पटलं नाही. ऑफिस काय जळत होतं का, असं तिने विचारलं. दोघी गेलात तर दोघींनी यायचं, ही साधी रीत तुला कळत नाही? त्या पोरीला परमुलुखात काही झालं तर मी नर्मदाला तोंड कसं दाखवू? उत्तर फिरदोसच्या ओठांवर आलेलं होतं, ते तिने गिळलं. ती आंघोळीला म्हणून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून तशीच उभी राहिली.

ट्रिपची सुरुवात काही वाईट झाली नव्हती, उलट फारच मजेत झाली होती. बुडापेस्टचं पहिलं हॉस्टेल एका जुन्या इमारतीत होतं. आठ मुलींची खोली, करकरणारे लोखंडी बंक, प्रत्येकीला एक लॉकर आणि कुलूप मात्र आपलं आपण आणायचं. समिधाने वरचा बेड पटकावला आणि तिथून लोंबकळत खालच्या फिरदोसला उद्याचे प्लॅन वाचून दाखवले. खाली तळघरात सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर होतं. फ्रिजमध्ये आपल्या पिशवीवर नाव आणि जायची तारीख लिहायची. एका फळीवर, जाणारे लोक उरलेलं तेल, मीठ, पास्त्याची अर्धी पाकिटं ठेवून जात, मागून येणाऱ्यांना उपयोगी पडावीत म्हणून. समिधाला ती फळी इतकी आवडली की तिने तिचा फोटो काढून स्टेटसला टाकला. जग असं असायला पाहिजे, असं खाली लिहिलं.

भांडीही सगळ्यांचीच होती. शेगडीशेजारी पॅन लटकवलेले असत. त्यात कोणी अंडी करी, तर कोणी डुकराच्या मांसाच्या पट्ट्या तळी. फिरदोसने पहिल्या संध्याकाळी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून एक छोटा पॅन विकत घेतला. तो सॅकला बाहेरून बांधून ती शहरभर हिंडली. चालताना तो पाण्याच्या बाटलीवर आपटून वाजायचा. समिधा हसायची. फिरदोस आणि तिचा नवरा म्हणून तिने पॅनचे फोटो काढले, पुलावर, राजवाड्यापुढे, ट्रॅममध्ये. फिरदोसही हसली. इतक्या वर्षांची मैत्रीण चेष्टा करणार नाही तर कोण करणार?

स्लोव्हेनियातल्या लुब्लियानाला सगळं बिनसलं. बुडापेस्टनंतर व्हिएन्ना झालं, तिथून निघताना सकाळची बस चुकली, पुढची मिळाली ती भरलेली, आणि उतरल्यावर पाऊस. हॉस्टेलात पोहोचल्यावर कळलं की पॅन व्हिएन्नाच्या स्वयंपाकघरात राहून गेला. दोघी दिवसभर उपाशी होत्या. समिधाने इथल्याही तशाच फळीवरचा तांदूळ घेतला, टोमॅटो चिरले, हॉस्टेलचा पॅन घासला आणि भात टाकला. फिरदोस बाजूच्या टेबलाशी बसून पाव आणि केळं खाऊ लागली. समिधाने दोन ताटल्या वाढल्या होत्या. तिने एक ताटली पुढे सरकवली आणि फिरदोसने हळूच मागे सरकवली.

"तीन वेळा धुतलाय मी तो पॅन," समिधा म्हणाली. "तुझ्यासमोर. व्हॉट मोअर डू यू वॉन्ट?"

फिरदोस म्हणाली की मला नाही जमत, तू खा, त्यात रागावण्यासारखं काय आहे.

"रागावण्यासारखं हे आहे, की आमच्या घरी तुमचे कप वेगळे ठेवतात, त्यावर तुम्ही कधी ड्रामा केलात का? मी केला का? एव्हरीवन हॅज देअर थिंग. आईचे कप, तुझा पॅन. सेम थिंग."

कुठले कप, असं फिरदोसने विचारलं.

तिने ते इतक्या सरळपणे विचारलं की समिधाच्या चेहऱ्यावरचा राग जागच्या जागी विरला. तिला खरंच वाटत आलं होतं की हे सगळ्यांना ठाऊक आहे. निळ्या काठाचे दोन कप, सिंकवरच्या फळीवर पालथे घातलेले, बाकीच्या भांड्यांपासून लांब. त्यांची घासणीसुद्धा निराळी. फिरदोसला ते कप चांगले आठवत होते. लहानपणी शाळेतून आल्यावर काकू तिला त्यातलाच एक भरून दूध द्यायच्या. हा माझा कप, असं म्हणून ती समिधाला वेडावून दाखवायची. आमच्या घरी तुझ्या नावाचा कप आहे का, नाही ना, मग? ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समिधाने मग खूप सारवासारव केली. आजी व्हिजिटवर आली होती तेव्हा तिने ते सुरू करवलं, आईचं मन तसं नाही, आय डोन्ट इव्हन बिलीव्ह इन ऑल दॅट. फिरदोसने तिला एकच विचारलं, की तू कधी आईला म्हणालीस का, हे बंद कर म्हणून? समिधाने पॅनमधला भात उगाचच चमच्याने हलवला. ती कधी म्हणाली नव्हती.

सेम थिंग हे शब्द फिरदोसला मात्र सोडेनात. तिने ते मनात उलटसुलट करून पाहिले, कारण ती मुळात न्यायाने वागणारी मुलगी होती. मी दुसऱ्याच्या भांड्यात खात नाही, काकूही दुसऱ्याला आपल्या भांड्यात देत नाहीत, मग फरक काय? फरक होता, आणि तो तिला बंकवर पडल्या पडल्या सापडला. पॅनला डुकराचं मांस लागलं होतं. कपाला अम्मीचे ओठ लागले होते. वरच्या बेडवर समिधा जागीच होती, लोखंड सारखं करकरत होतं. दुसऱ्या दिवशी फिरदोसने तिकीट बदललं. समिधा थांब म्हणाली, रडलीसुद्धा, पण थांबून बोलायचं काय हे दोघींनाही सुचलं नाही.

विमानात बसल्यावर तिने ठरवून टाकलं, की अम्मीला हे कधी कळू द्यायचं नाही. अब्बा रात्री दुकान बंद करून येतात ते जेवून झोपतात. मावश्या सगळ्या गावाकडे. अम्मीला इंग्रजी येत नाही, अरबी नमाजेपुरती, आणि हिंदी बोलताना ती अजून लाजते. या देशात तिला मनातलं बोलायला एकच दार होतं, आणि ते समोरचं. ते दार आपण बंद करायचं? आपल्याला राग आलाय म्हणून? नाही. अम्मीला जे माहीत नाही, ते तिला माहीत न होता राहू दे.

हे विमानात ठरवणं सोपं होतं. घरी ते निभावणं तिच्या जिवावर आलं.

पहिल्याच संध्याकाळी अम्मी नमाजेची चटई घडी करून उठली आणि ओढणी सारखी करू लागली. आज नको ना जाऊ, मी आलेय, असं फिरदोस म्हणाली. हलिमा म्हणाली, आज तर जायलाच पाहिजे, तिची मुलगी तिकडे एकटी आहे. आणि गेली. फिरदोस सोफ्यावर बसून समोरच्या बंद दाराकडे पाहत राहिली. आत काय चाललं असेल ते तिला इथून दिसत होतं. काकू फळीवरून कप काढत असतील. अम्मी हसत असेल. चहा पिऊन अम्मी उठली की कप बाजूला निघेल, निराळ्या घासणीने. आणि तेवढ्यात तिला आणखी एक गोष्ट सुचली, जी आजवर कधी सुचली नव्हती. काकू आपल्याकडे कधीच चहा प्यायल्या नाहीत. यायच्या, बसायच्या, तासन्‌तास बोलायच्या, पण आत्ताच झाला गं, किंवा आज उपास आहे, किंवा अॅसिडिटी. फिरदोसच्या डोळ्यांसमोर इतक्या वर्षांच्या अॅसिडिट्या उभ्या राहिल्या.

नर्मदाकाकूही आता पूर्वीच्या राहिल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी फिरदोसला हसून विचारलं, झालं का तुझं ऑडिट, आणि त्या हसण्यात धार होती. अम्मीकडे त्या रोज एकच विषय काढत, तो अम्मी घरी येऊन फिरदोसला ऐकवी. पोरीने असं नव्हतं करायला पाहिजे. तुमच्यात भांडण झालं का? मग सांग तरी. नाही? मग का आलीस? फिरदोसच्या लेखी गुन्हेगार समोरच्या घरात होता आणि शिक्षा तिला इकडे होत होती, तीही अम्मीच्या तोंडून.

शनिवारी समिधाचा फोन सकाळपासून लागेना. दुपारी काकूंनी दोनदा दार वाजवलं. संध्याकाळी, अम्मी तिकडे गेल्यानंतर थोड्याच वेळात, फिरदोसला बोलावणं आलं. ती गेली. घरात पाऊल टाकताना तिने सिंकच्या बाजूला न बघायचं ठरवलं आणि बघितलंच. फळीवर एकच कप होता. दुसरा अम्मीच्या हातात.

काकूंचा चेहरा रडून सुजला होता. हॉस्टेलचं नाव काय, नंबर काय, तिथे कोण होतं, रस्त्याने एकटी कुठे जायची म्हणाली होती, असे प्रश्न त्यांनी एकावर एक विचारले. फिरदोसने माहीत होतं तेवढं सांगितलं, हॉस्टेलला फोनही लावून दिला. पलीकडचा मुलगा म्हणाला की ती सकाळी नाश्ता करून बाहेर पडली, बॅग इथेच आहे. काकूंना ते पुरलं नाही. जीव टांगणीला लागला की माणूस जवळच्यालाच बोलतो, आणि त्यांनी फिरदोसला सोडून तिच्या आईकडे तोंड केलं.

"हलिमा, तुझ्या मुलीवर भरवसा ठेवला मी. माझ्या पोरीला तिने रस्त्यावर टाकलं. इतक्या वर्षांत मी तुला कधी परकं मानलं का?"

हलिमाने कप दोन्ही हातांनी धरला होता. तिची मान खाली गेली.

"माझी मुलगी चुकली, नर्मदा," ती म्हणाली. "मी तुझी माफी मागते."

फिरदोसला तिथे उभं राहवेना. तो कप अम्मीच्या हातातून काढून घ्यावा, फरशीवर टाकावा आणि काय ते एकदाचं बोलून टाकावं, असं तिला वाटलं. तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. समिधाच होती. फोनची बॅटरी गेली होती, ती दिवसभर डोंगरावरच्या किल्ल्यात हिंडत होती, आणि आता हॉस्टेलात येऊन चार्जिंगला लावला होता, एवढंच. काकू रडता रडता हसल्या, मुलीला चार शिव्या दिल्या, आणि फोन ठेवून हलिमाच्या गळ्यात पडल्या. मेला माझा जिभेवर ताबा नाही, असं म्हणाल्या. मग पातेलं पुन्हा गॅसवर ठेवून त्यांनी तिच्या कपात गरम चहा ओतला. हलिमाने डोळे पुसले आणि तो प्यायली.

घरी आल्याबरोबर हलिमा म्हणाली, बघ, आता तरी तिला सॉरीचा मेसेज टाक. फिरदोस दाराला पाठ लावून उभी राहिली. आणि विमानात ठरवलेलं सगळं बाजूला सारून तिने सांगितलं. पॅन, भात, लुब्लियाना, निळे कप, निराळी घासणी, आजी, समिधाचं सेम थिंग. भडाभडा सांगितलं, अर्धं इंग्रजीत. शेवटी म्हणाली, "आणि तू त्यांची माफी मागितलीस, अम्मी. तो कप हातात धरून."

हलिमा खुर्चीवर बसली. तिने ओढणी उतरवली, मांडीवर घडी केली, आणि बराच वेळ तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. ती रडेल असं फिरदोसला वाटलं होतं. ती रडली नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

फिरदोसला आधी कळलंच नाही.

"तू अडीच-तीन वर्षांची असशील. नर्मदाला टायफॉइड झाला होता. मी तिच्या किचनमध्ये चहा करायला गेले आणि समोर दिसला तो स्टीलचा पेला घेतला. समिधा तिथेच खेळत होती. ती म्हणाली, खाला, तो नाही, तुमचा तो वरचा. बोटाने दाखवला. एवढीशी पोर, तिला काय कळतंय. मी वरचा घेतला."

"मग? तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? पंधरा दिवस मी तिच्या घरात स्वयंपाक केला, तिच्या भांड्यांत. तो तिला चालला. बरी झाल्यावर परत तोच कप. मी ठरवलं की आता जायचं नाही. चार दिवस गेले नाही. आणि मग ते झालं, तुझ्या पाठचं गेलं ते. तुझे अब्बा गावाला होते. टॅक्सीत मला तिने धरून बसवलं. हॉस्पिटलमधून आणलं. माझे कपडे, फिरदोस, रक्ताने भिजलेले सगळे कपडे तिने हाताने धुतले, मशीनमध्ये टाकू दिले नाहीत, डाग राहतील म्हणाली. संध्याकाळी मला तिच्या घरी नेऊन चहा दिला. त्याच कपात."

हलिमाने मांडीवरची ओढणी उलगडून पुन्हा घडी केली.

"मी पुष्कळ विचार केला तेव्हा. ज्या बाईला माझं रक्त चालतं तिला माझा उष्टा कप का चालत नाही? मला उत्तर नाही सापडलं. बहुतेक तिलाही माहीत नसेल. मग मी तो नाद सोडला आणि चहा प्यायला लागले. वाईट वाटायचं. रोज नाही, पण वाटायचं. तरी तिच्याकडे गेले नसते तर इथे मी वेडी झाले असते."

फिरदोसचा आवाज चढला. ती म्हणाली, हा अपमान आहे, अम्मी, आणि तू तो वीस वर्षं गिळलास, हाऊ कुड यू. मला का नाही सांगितलंस? मी त्या कपातून दूध प्यायचे, मिरवायचे, आणि तू बघत होतीस?

"म्हणून तर नाही सांगितलं," हलिमा म्हणाली. "तू खूश होतीस."

रात्री उशिरा खैरुद्दीन आला, जेवला, समिधा सापडली हे ऐकून अल्लाचे आभार मानून झोपला. फिरदोसला वाटलं, आपण निदान खरं तरी बोललो. जड वाटत होतं, पण ओझं उतरल्यासारखंही वाटत होतं, आणि त्याची तिला थोडी लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी रविवार. समिधा रात्रीच्या विमानाने येणार होती. हलिमाने असरची नमाज पढली, चटई घडी केली, आणि ओढणीला हात न लावता ती सोफ्यावर येऊन बसली. टीव्ही लावला नाही. फिरदोस फोनमध्ये बघत असल्यासारखं करत होती. जरा वेळाने दारावर टकटक झाली आणि पाठोपाठ काकूंचा आवाज आला. आवाजात आज नुसता आनंद होता.

"हलिमा, अगं चल ना, चहा टाकलाय. रात्री एअरपोर्टला काय काय न्यायचं ते ठरवायचंय."

हलिमा उठली नाही. फिरदोसने आईकडे पाहिलं, आणि ती चरकली. कारण आईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला जायचं होतं. वर्षानुवर्षांच्या सवयीने तिचे पायसुद्धा चपलांकडे वळले होते, आणि ती त्यांना धरून बसली होती.

"अम्मी, जा तू," फिरदोस हळू आवाजात म्हणाली. "मी काल बोलले ते विसर. आय मीन इट. जा ना, प्लीज."

"कशी जाऊ?" हलिमाही तेवढ्याच हळू म्हणाली. "मला एकटीलाच माहीत होतं तोपर्यंत चालत होतं. मी माझ्यापुरतं बघून घेत होते. आता मी तिथे घोट घेतला की तू इथे बसून बघणार. लेकीच्या नजरेसमोर नाही गं पिता येणार मला."

फिरदोस म्हणाली, मी नाही बघणार, मी आत जाते, मी बाहेर जाते. ती खरंच उठून उभी राहिली. पण जाऊन उपयोग नव्हता, हे तिलाही कळत होतं. आईला एक माणूस होतं. ते फिरदोसने तिच्याकडून काढून घेतलं होतं, आणि बदल्यात द्यायला तिच्याकडे काही नव्हतं. आपलं बरोबर असूनही तिला आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

पुन्हा टकटक झाली. हलिमाने जाऊन दार उघडलं, पण पुरतं नाही. पोट बरं नाही, ती म्हणाली, तू घे चहा, नर्मदा. काकूंनी दोन-तीनदा विचारलं, ओवा देऊ का, डॉक्टरकडे जायचं का, उद्या तरी येशील ना. बघू, इन्शाल्ला, असं हलिमा म्हणाली. काकू दारात जराशा रेंगाळल्या, मग चपलांचा आवाज करत समोर गेल्या आणि त्यांचं दार लागलं.

हलिमा स्वयंपाकघरात आली आणि तिने गॅसवर दोघींपुरतं पाणी ठेवलं. या वेळेला त्या घरात चहा कधी होतच नसे, त्यामुळे फ्रिजमध्ये दूध नव्हतं. फिरदोस म्हणाली, मी खालून ग्रोसरीतून घेऊन येते. हलिमा नको म्हणाली. तिने तसाच कोरा चहा दोन ग्लासांत गाळला, एक लेकीपुढे ठेवला आणि स्वतःचा घेऊन खिडकीशी, समोरच्या दाराकडे पाठ करून बसली.